मोठ्या जावेशी जर्मन

सोमवार, ११ ऑगस्ट

जर्मनच्या जोड्या लागल्या. अख्खा वर्ग पडला होता, आणि माझी जोडी कोणासोबत — तिच्यासोबत! माझ्या मोठ्या जावेसोबत!

अलीझा मॅडमना जिन्यात गाठलं. म्हटलं, बदलून द्या. हसल्या. "हजेरीच्या यादीप्रमाणे लावल्या ना. ढोले आकांक्षा, त्याखाली तुम्ही, ढोले प्रणाली. एकाच घरच्या तुम्ही, घरी प्रॅक्टिस पण होईल!"

प्रॅक्टिस! मॅडम अकोल्याहून बसने येतात न् बसने जातात. आमच्या घरात काय चालतं त्यांना काय माहीत. दोन वर्षं झाली, आम्ही एकमेकींशी बोलत नाही. एकाच ओट्यावर पोळ्या लाटतो. तिला काही सांगायचं असलं की, "आई, तिले सांगा, दूध उतू चाल्लं." आणि मी तिथंच, हातभर अंतरावर!

लग्नानंतरचं माझं पहिलं हळदीकुंकू. गल्लीतल्या सगळ्या बायका बसलेल्या. तेव्हा ही बोलली — "हिचा इंग्रजीचा पेपर दोनदा गेला होता म्हणे!" बायका किती हसल्या. तेव्हापासून बंद. मीच बंद केलं.

जर्मन हौसेनं नाही घेतलं. विदेशी भाषेचे दोन क्रेडिट पाहिजेच, त्याशिवाय सेमिस्टर निघत नाही. तोंडी परीक्षा जोडीनं. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं.

बुधवार, १३ ऑगस्ट

सासूबाईंच्या कानावर गेलं. जेवताना फर्मान निघालं — "दोघी दोघी कालेजात, अन् मी म्हातारी चुलीपुढं! परीक्षेनंतर एकच जाईन. त्या जर्मनात जिचे मार्क जास्त, ते."

अश्विन खाली मान घालून वरण ओरपत होता. बायकोचं शिक्षण पूर्ण करीन असं माझ्या बाबांना शब्द देणारा हाच! किशोर भाऊजी, तिचा नवरा, तर ताटावरून उठूनच गेले.

ती भात वाढत राहिली. सहा वर्षं बी.ए. अर्धवट सोडून बसली होती. मी कॉलेजात जायला लागले तर यंदा हिनंही नाव घातलं. माझं पाहवत नाही, दुसरं काय!

मंगळवार, २ सप्टेंबर

आज मजा आली. जर्मनमध्ये 'तू'ला डू, 'तुम्ही'ला झी. मॅडम म्हणाल्या, जोडीदाराला डूच म्हणायचं. मग मी म्हटलं! भर वर्गात! वो वोन्स्ट डू — तू कुठे राहतेस? मोठ्या जावेला अरेतुरे! घरी म्हटलं असतं तर सासूबाईंनी उलथनं फेकून मारलं असतं.

तिनं शांतपणे सांगितलं, इश वोने इन अमरावती. उच्चार स्वच्छ. अंगाचा तिळपापड झाला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

ती पोळ्या करता करता जर्मनचं तो-ती-ते पुटपुटते. डेअर, डी, दास. डेअर, डी, दास. मी मुद्दाम मिक्सर लावते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

उद्या तोंडी. विषय 'कुटुंब'. प्रश्न आपल्या मनाचे काढायचे. मी एक काढून ठेवला आहे. हास्ट डू किंडर?

तुला मुलं आहेत?

पुस्तकातलाच आहे. कोणाला काही म्हणता येणार नाही. तिची बोलती बंद झाली की माझे मार्क जास्त. हळदीकुंकवात मलाही कोणी विचारलं नव्हतं, हसू का म्हणून.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

विचारला.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मॅडमचा पेन थांबला. मागच्या बाकावर वह्या चाळणाऱ्या पोरांनी माना वर केल्या. मग ती म्हणाली, "नाइन. नॉख निष्ट." नाही. अजून नाही. आवाज जरासुद्धा हलला नाही तिचा!

मॅडम म्हणाल्या, "सेअर गूट, फार छान. आता तुम्ही विचारा."

तिनं विचारलं, तुला काय करायला आवडतं. एवढं सोपं! पण माझ्या डोक्यातून सगळं उडून गेलं. काहीच येईना. मॅडम घड्याळाकडे पाहायला लागल्या. तेव्हा ती हळूच म्हणते, "वी हाइस्ट डू?"

तुझं नाव काय!

दोन वर्षं एका घरात राहून मला नाव विचारते! सांगितलं नाव. मग वय विचारलं, मग गाव. लहान पोराला विचारतात तसं. मी सांगत गेले. सगळ्या वर्गासमोर मला पहिलीत नेऊन बसवलं तिनं. हे मी विसरणार नाही.

परत येताना एकाच ऑटोत होतो. ती पूर्ण रस्ता बाहेर पाहत होती.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

तिला पन्नासपैकी एक्केचाळीस. मला एकोणतीस. पास झाले, क्रेडिट मिळाले. पण हरले.

सासूबाईंना अश्विननं सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या, बस. माझं कॉलेज सुटलं. मोरीत नळ सोडून रडले.

सोमवार, १ डिसेंबर

ती गेली! माहेरी, अकोटला. मोठी बॅग घेऊन. तिचा भाऊ न्यायला आला होता, चहासुद्धा न घेता गेला. जाताना तिनं सासूबाईंना वाकून नमस्कार केला, त्यांनी पाय मागे घेतले.

विचारलं, कधी येणार. सासूबाई म्हणाल्या, "ते नाई येत आता. तू जाय कालेजात. तुह्या मनासारखं झालं ना?"

झालं! मीच जाणार! काय भांडण झालं असेल ते त्यांचं त्यांना. ओटा आज सगळा माझा होता. मीठ तिनं कुठे ठेवलं ते सापडायला वेळ लागला.

शुक्रवार, ५ डिसेंबर

वरूडचे पाहुणे येऊन गेले. किशोर भाऊजींसाठी मुलगी. सोडचिठ्ठीचे कागद तयार आहेत, रविवारी अकोटला जाऊन तिची सही आणायची. "मूल नाई तं काय कराव?" — सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या, मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी. उन्हाळ्यापासून ठरलेलं होतं. अश्विनला माहीत होतं, खोदून विचारल्यावर सगळं सांगितलं. तिलाही माहीत होतं, म्हणूनच तिनं कॉलेजात नाव घातलं होतं.

गच्चीवर जाऊन फोन लावला. तिनं उचलला.

मी म्हटलं, "ताई, कशावरच सई करू नोका. मी उद्याच येऊन राह्यली."