आप्पांनी रंगवलेलं बॉनेट

आप्पा, तुमच्या गाडीचं बॉनेट अखेर रंगवून घेतलं. आई आता पुढच्या सीटवर बसते. एवढं लिहून मी जरा थांबले, कारण दुसऱ्या वाक्यावर तुमचा विश्वासच बसला नसता.

वाऱ्यात बाभळीची फांदी मोडून बॉनेटवर पडली होती, तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही ते चेपलेलं बॉनेट काढून, खाली लाकूड ठेवून हातोडीने ठोकून सरळ केलंत, घराच्या दारांना देऊन उरलेला ऑइल पेंट डब्याच्या तळातून खरवडून घेतलात आणि भर उन्हात, अंगणात ब्रश घेऊन बसलात. गाडी पांढरी आणि रंग सायीसारखा पिवळट. "वाळला की पांढराच दिसतोय," तुम्ही ठासून सांगितलंत. ब्रशचे केस रंगात चिकटून बसले, ओघळ कडेपर्यंत आले, आणि तुम्ही चहाला आत आलात तेवढ्यात आईची तांबडी कोंबडी त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात चालत गेली. मी तेव्हा कॉलेजात होते, हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. आई मात्र हसली नाही. दोनच दिवसांनी दौंडला मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. "कोंबडीची पावलं घिऊन मी भावाच्या दारात जायाची न्हाई," ती म्हणाली. "मग कशानं जातीस?" तुम्ही विचारलंत. "यष्टीनं."

वास्तुशांतीचा तो दिवस. मी आईबरोबर यष्टीत बसले आहे. शिरूर सुटल्यावर सहज मागे वळून बघते तर तुमची गाडी, ते पिवळं बॉनेट पुढे काढून, आमच्या मागोमाग येते आहे. न्हावऱ्याला यष्टी थांबते. तुम्ही उतरता, रसाचे दोन ग्लास घेऊन आमच्या खिडकीखाली उभे राहता. आई ग्लास घेते, पण तुमच्याकडे बघत नाही. कंडक्टर विचारतो, "मावशी, पाव्हणं कोण म्हणायचं?" आई म्हणते, "गावातलं हायेत." आणि तुम्हीही अगदी गंभीर चेहऱ्याने, "व्हय, शेजारीच ऱ्हातो," म्हणून रिकामे ग्लास परत घेऊन जाता.

त्यानंतर आई त्या गाडीत कधी बसली नाही, आणि तुम्ही रंगही बदलला नाहीत. लोकांना ते भांडण वाटायचं. मला वाटतं, तुम्हा दोघांना त्यात गंमत येत होती. तुम्ही गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. मी रोज तिच्यातून शिरूरच्या शाळेत शिकवायला जाते, आई मात्र यष्टीचीच राहिली. यंदा तिचे गुडघे यष्टीच्या पायरीला नाही म्हणाले. मामा आता घराबाहेर पडत नाही, फोनवर नुसतं "कवा येतीस?" विचारतो, आणि ही "बघू" म्हणून फोन ठेवते. गाडीचं नाव मी काढलं की उठून आत जायची. एका सकाळी भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "त्ये बानेट रंगवून आण. मग बसते."

मी त्याच दिवशी शिरूरच्या गॅरेजात गेले. तिथले चाचा बॉनेटभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ताई, रंगवण्यापेक्षा बदलूनच टाका. सरळ पत्र्याचं दुसरं मिळतंय." मी आईला फोन लावून स्पीकर सुरू केला. तिकडून आवाज आला, "बदलायचं न्हाई. ठोकून सरळ केलंय त्यांनी ते. निस्ता रंग काढा." चाचा हसत म्हणाले, "जसं तुम्ही म्हणाल तसं, आई." ते पॉलिश पेपर घासायला लागले तशी धूळ भरलेली कोंबडीची पावलं आणखीच उठून दिसायला लागली. चाचांनी गॅरेजातल्या सगळ्यांना बघायला बोलावलं. मी टायरांच्या चळतीवर बसून पुन्हा तशीच हसले, कॉलेजात हसले होते तशी.

रंग सुरेख लागला. इतका की त्याच्यापुढे बाकीची गाडी जुनाट दिसायला लागली. आता हिला हेही खटकणार, या धास्तीने मी गाडी दारात आणली. आईने वाकून बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा पाहिला, पदर सारखा केला आणि पुढचं दार आपणच उघडलं. दौंडपर्यंत तिने मला एकदाच टोकलं. "सावकाश चालव की. लोकांना बघू दे."

मामा दारात खुर्ची टाकून बसला होता. बहीण गाडीतून उतरली तसा तो काठी विसरून उठला, आणि दोघं एकमेकांचे हात धरून नुसती हसत राहिली. शेजारच्या घरातली नवी सून बाहेर आली. "आजी, केवढं चमकतंय हे! रंग कुणी दिला?"

"आमच्या ह्यांनी," आई म्हणाली.

"आजोबांचा हात चांगलाय हो."

"हाय म्हंजी! कटाळा म्हणून न्हाई त्यांना."

मामाने माझ्याकडे पाहिलं. चाचांची मेहनत होती ती, मी तसं सांगायला हवं होतं. पण माझ्याच तोंडून निघून गेलं, "सकाळपासून बसले होते रंगवत." आई नुसती मान डोलावत होती. आप्पा, हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार नाही आणि ते तुमच्यापर्यंत पोचायचंही नाही. पण तुमच्या नावावर आम्ही मायलेकी परस्पर एवढी शाबासकी घेऊन आलोय, ते तुमच्या कानावर घालावंसं वाटलं.