तुझ्याकडे येणारी गाडी

टॅलबी स्टेशन, व्हिक्टोरिया, १८९४

माझ्या लाडक्या आईला,

आम्ही मजेत आहोत. गव्हाच्या मालाची गर्दी आटली तशी रेल्वेनं स्टेशनमास्तरांना दुसरीकडं हलवलं. आता तिकिटं, दिवे, फाटक सगळं माझ्याच गळ्यात. घर मात्र फुकट आहे हो! जॅमची बरणी पोचली का?

आपली बेसी तिकडून लिहिते, तू अंथरूण धरलंस. खरं का गं?

दारावरून गाडी जाते तरी मी येत नाही, म्हणून रागावू नकोस. काल इंजिन पाणी घेत होतं, तेवढ्यात मी चर्चला जायची रविवारची टोपी घालून डब्यात जाऊन बसले. गार्ड टिबट्स हसला. "बसा, थर्झाबाई, खुशाल बसा! पण फाटक कोण उघडणार, आणि मागं लावणार कोण?"

मी उतरले. फाटक उघडलं, हिरवा बावटा दाखवला आणि तुझ्याकडे येणारी गाडी माझ्याच हातानं घालवली.

तुझीच,
थर्झा