तेहतीस भोकायची जाळी

सौ. मंजुश्री विहीणबाई यायले,

धाड गावाहून गोजरबाईचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणते तं खरंच वाकले, कंबर धरली, आता भिंतीले टेकून लिहून राह्यले.) तुमचे गुडघे कसे आहेत? व्याहीबुवायची शुगर उतरली का? म्हैस व्याली का, अन् व्याली तं काय झालं? जावई शिवमबापूयले आशीर्वाद सांगा. पुष्पांजली नीट वागत नसन तं बिनधास्त बोला तिले, माझीच लेक आहे, तिले बोलण्याची सवय आहे.

तुम्ही म्हणसान, घरोघरी फोन असताना या बाईनं कागद काऊन काळा केला. पुष्पांजलीनंच सांगितलं. म्हणे, आई, तू फोनवर नुसतं "जेवले का" विचारते, तरी समोरच्याले वाटते घरात चोरी झाली. आता त्यात माझा काय दोष? आमचे हे चोवीस वर्षं मळणी यंत्रावर उभे राह्यले, कान त्या यंत्रातच राहून गेले. आमच्या घरात ओरडल्याशिवाय चहा मागता येत नाही अन् देताही येत नाही. तोच आवाज फोनात जाते. तं म्हटलं, कागदाले आवाज नसते, कागदावर तरी मी गरीब दिसन. तुम्ही अंगणवाडीच्या बाई, मी चौथीतून उठलेली, तं लाल पेन घेऊन बसू नका. मले आधीच भ्या वाटून राह्यलं. कशाचं ते एकदम सांगितलं तं तुम्ही कागद फाडसान, म्हणून मुळापासून सांगते.

तीन वर्षं झाली. मागचा धोंड्याचा महिना आठवते ना, पुष्पांजलीच्या लग्नानंतरचा पहिला? त्याच्या आठ दिवस आधी हे धाडच्या बाजारात बैलाचा कासरा घ्यायले गेलते. कासरा नाही आणला. भंगारवाल्याच्या ढिगातून एक पत्र्याची गिटार घेऊन आले, अन् माझ्या भ्यानं कुटाराच्या खोलीत भुशाच्या पोत्याखाली लपवली. (हे मले मागून कळलं. काऊन घेतली तेही मागून कळलं. बाजारात भोंगे चालू, जीपवाले बोंबलून राह्यले, यायच्या कानात काहीच नाही गेलं. पण भंगारवाल्यानं ते धूड आपटलं अन् त्याचा "टण्ण" मात्र सरळ आत गेला. जे ऐकू आलं ते विकत घेतलं, एवढंच.) मी कुटार काढायले गेले तं पोत्याखाली हे. मान लाकडाची, पोट पत्र्याचं, कधीकाळी चांदीवानी चमकत असन, आता जागोजागी हिरवं पडलेलं, तार एक नाही. मले काय ठाऊक, बाजा का पाणी तापवायचा बंब. पण त्याच्या पोटावरची जाळी पाहून मी तिथंच बसले.

विहीणबाई, तुम्ही त्या दिवसात माझ्या जागी असत्या तं तुम्हीही बसल्या असत्या. अनारसे तळून तयार, बत्तासे आणलेले, अन् जाळीचं भांडं मनासारखं मिळेना. धोंड्यात जावयाले जाळीचंच द्यावं लागते, हे तुम्हाले मी काय सांगू. दुकानातल्या जाळ्या अशा, का बोट लावलं तं वाकत होत्या. अन् ही ताटाएवढी गोल, जाड, फुलावानी भोकं पाडलेली! उलथन्याच्या टोकानं स्क्रू काढले, चिंचेनं घासली, राखेनं घासली, तोंड दिसू लागलं. भोकं मोजली तं बत्तीस. (तीनदा मोजली, बत्तीसच.) धोंड्याले तेहतीस लागतात. तं धाडच्या वेल्डिंगवाल्याकडून एक भोक नवीन पाडून घेतलं, भांड्याच्या दुकानात नाव टाकून घेतलं, अन् तेहतीस अनारसे रचून बापूयले दिली. ती तुमच्या घरीच आहे.

लिहून गेलं. बरं, वाचलं तं वाचलं, पण मी अजून काही मागितलं नाही, हे ध्यानात ठेवा.

मग तीन वर्षं त्या गिटारीचं नाव नाही. इकडे यायचे कान उतरतच गेले. दोन वर्षं झाली, भजनाले जाणं सोडलं. म्हणतात, पेटी दिसते, बोटं दिसतात, सगळ्यायची तोंडं उघडतात अन् मिटतात, मासे बोलल्यावानी वाटते. बुलढाण्याच्या डॉक्टरनं मशीन दिलं, ते कानात शिट्टी वाजवते, म्हणून देवघराच्या खणात ठेवलं. (देवाले तरी ऐकू येऊ द्या.) सकाळपासून भिंतीले टेकून बसतात. मी ओरडते ते ऐकू येते, पण ते काही ऐकण्यावानी नसते. अन् यंदा होळी झाली तसे एक दिवस उठले, कुटारातून ती गिटार काढली, धोतराच्या पानात गुंडाळली अन् म्हणाले, चाल, हिवऱ्याले जायचं. मले तवाच ती जाळी आठवली.

हिवरा आश्रमाच्या गावात लक्ष्मीकांतराव म्हणून आहेत. आजूबाजूच्या भजनी मंडळायच्या वीणा, पेट्या, तंबोरे सगळे त्यायच्याकडे जातात. एवढासा माणूस, चष्म्याले दोरा, बोलणं असं का एक शब्द दिला तं दुसरा उद्या. मी सासूले नाही भ्याले एवढी या माणसाले भ्याले. त्यायनं गिटार मांडीवर घेतली, डॉक्टर लेकराचं पोट दाबते तशी दाबून पाह्यली, अन् आतून ॲल्युमिनियमची एक मोठी वाटी काढली. तोंड ताटाएवढं, अन् पातळ म्हणसान तं पापडावानी. म्हणाले, तार वाजते तेव्हा ही वाटी बोलते, म्हणून हा बाजा साध्या गिटारीच्या चौपट मोठा वाजतो. म्हणे ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे, असा एकच त्यायनं तरुणपणी मुंबईले पाह्यलता. वाटी चेपलेली होती. ती त्यायनं लाकडी पळीच्या पाठीनं, रोज अंगठ्याएवढी, महिनाभर उचलली. मान वाकली होती, ती वाफ देऊन, दाबून, सरळ केली. मी आपलं मदतीच्या भावानं म्हटलं, भाऊ, चिंचेनं घासून देऊ का पोट? तं म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं तोंड राखेनं घासता का तुम्ही? मी राख म्हटलंच नव्हतं, विहीणबाई! त्यायले कसं कळलं?

अन् त्याहून पुढचं ऐका. स्क्रूच्या जागेवर बोट फिरवलं, चष्मा वर केला अन् म्हणाले, "हे पेचकसानं उघडलेलं नाही. उलथन्यानं उघडलंय." मग माझ्याकडे पाह्यलं. हे मले विचारतात, काय म्हणाले? मी ओरडून सांगितलं, म्हणतात यंदा ऊन लय आहे! (खोटं बोलले. पण ऊन होतंच.) मग लक्ष्मीकांतरावायनं यायले खुणेनं विचारलं, स्क्रू आहेत का. यायनं बंडीच्या खिशातून चुन्याची डबी काढली, तिच्यात कागदाची पुडी, पुडीत मोजून नऊ स्क्रू. मी काढलेले तं कुटारातच पडले होते, मले वाटलं यायनं भंगारवाल्याकडून दुसरे आणले असतीन. लक्ष्मीकांतराव रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "स्क्रू आहेत आणि जाळी नाही?" हे छताकडे पाहू लागले, मी माझ्या चपलेकडे. चप्पल नवीनच होती.

पंधरा दिवसापूर्वी त्यायनं तारा चढवल्या. गिटार मांडीवर आडवी ठेवली, हात अधांतरी धरला, अन् लोखंडाची एक कांडी तारेवरून घसरवली. काय आवाज म्हणू तुम्हाले, वासरू गायीले हाका मारते ना, तसा. आमचे हे दाराकडे तोंड करून बिडी शोधून राह्यले होते. त्यायची मान वळली. कोणी हात लावला नाही, कोणी खूण केली नाही, मान आपोआप वळली. अन् म्हणाले, "मासा बोलला." मी पदर तोंडात धरून बाहेर जाऊन उभी राह्यले. धूळ लय होती.

पण लक्ष्मीकांतरावायनं लगेच तारा उतरवल्या. म्हणे, वरची जाळी नाही तं हात वाटीवर पडन, अन् या पातळ वाटीवर एकदा यायचा हात पडला का ती पुन्हा नाही उठणार. नवीन जाळी तीनदा कापून पाह्यली त्यायनं, तिन्ही भणभण करतात. म्हणाले, "जिची जागा आहे तिलाच आणा." यायच्याकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाले. अन् दशमीच्या आत आणा म्हणाले, नंतर त्यायच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तीन महिने बारीक काम बंद.

तवापासून माझी उजवी पापणी फडफडून राह्यली. धोंड्याचा महिना पुन्हा लागला. हा जावयाले द्यायचा महिना, अन् मी काय करून राह्यले? अंदाज घ्यावा म्हणून देवळातल्या गुरुजीले विचारलं, धोंड्यातलं वाण कोणी परत मागितलं तं काय होते हो? ते म्हणे, कोणी मागितलं? म्हटलं, ऐकीव आहे, दुसऱ्या तालुक्यातलं. त्यायनं नुसती मान हलवली, अन् नुसत्या मान हलवण्यानं मी दोन दिवस जेवले नाही. पोरीच्या संसाराले काही झालं तं? तुमच्या मनात आलं, का ही बाई दिलेलं मोजते, तं? चार बायायत तुम्ही हे सांगितलं तं मले तुमच्या साखरखेर्ड्याले तोंड दाखवता येईन का? म्हणून मी काहीच मागत नाही. हे नुसतं खुशालीचं पत्र आहे. रविवारी बापू धोंडे जेवायले येतीन, त्यायच्यासाठी पुरण घालून ठेवते. तुमचे गुडघे सांभाळा.

तुमची विहीण,
गोजरबाई

ता. क. जाळी पाठवा. रविवारी बापूच्या थैलीत, पेपरात गुंडाळून. बदल्यात तांब्याची घेऊन ठेवली आहे, ताटाहून मोठी, तेहतीस भोकं दुकानातूनच पाडून आलेली, वरून तेहतीस अनारसे. म्हणजे परत घेणं नाही झालं, बदली झाली, मास्तरायची होते तशी. पुष्पांजली सांगते तुम्ही तिच्यावर कुरडया वाळवता. कुरडया काढा, पण जाळी घासू नका. चिंचेनं तं अजिबात नका.

ता. क. पुन्हा. यायले यातलं काही माहीत नाही, अन् माहीत होऊ देऊ नका. पण जाळीवर "चि. शिवम यांस धोंड्यानिमित्त सासू गोजरबाईकडून सप्रेम भेट" असं कोरून लिहिलेलं आहे, अन् यायचे कान गेले, डोळे शाबूत आहेत. ते मी पाहून घेईन. दुसरी गोजरबाई असन म्हणीन. अन् खरं सांगू का? जाळी हरवली असन तं तसं लिहा, मी शब्द नाही बोलणार. अर्धं मन तेच मागते. जाळी बसली, तारा चढल्या, अन् तरी यायले ऐकू नाही आलं तं? त्या दिवशी आलं, पण त्याले पंधरा दिवस झाले, अन् कान रोज उतरून राह्यले. आता मले म्हणता येते, जाळी नाही म्हणून थांबलं आहे. मग मी काय म्हणू? म्हणून भ्या तुमचं नाही, विहीणबाई, त्याचं आहे. (तुमचंही आहे.)

ता. क. शेवटचा. हे पत्र कणगीवर ठेवून मी गिरणीत गेले अन् यायनं सगळं वाचलं. मी आले तं पत्र हातात. मले वाटलं आता घर डोक्यावर घेतीन. तं म्हणाले, मले पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, जावई अनारसे खाऊन राह्यला तवाच जाळी ओळखली, स्क्रू कुटारातून मीच वेचले. मी ओरडले, मग तीन वर्षं मुकाट्यानं काऊन बसले? तं म्हणतात, "तुले बोललो तं तू ओरडशीन, अन् विहीणबाईले मागायची तं माझी छाती नाही." यायले आपला आवाज ऐकू येत नाही ना, तं हे असं सांगितलं का अख्खी गल्ली दारात आली. कारभारी जीपवाला आंब्याची खेप घेऊन तुमच्याकडे येणार म्हणून हे पत्र न्यायले उभाच होता. तो म्हणते, मावशी, चिठ्ठी देता का तोंडीच सांगू? चिठ्ठीच देऊन राह्यले, पण तो तोंडीही सांगनच.

तं जाळी पाठवाच. मंगळवारी आम्ही दोघं पहिल्या गाडीनं हिवऱ्याले जाऊन राह्यलो. आता फक्त ते तेहतिसावं भोक लक्ष्मीकांतरावायले कोणी दाखवायचं, यावर सकाळपासून भांडण चालू आहे. हे म्हणतात, तू दाखव. मी म्हणते, मले ऐकू नाही आलं.