पाकिटात गेलेली दहाची नोट

हिलो, हवाई, ४ एप्रिल १९७४

चि. हारुएस अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. आठवडाभर माझं स्वयंपाकघर पालथं घालून गेलीस, आता मला माझीच चहाची किटली सापडत नाही. मांजर दोन दिवस तुझ्या चटईवर रुसून बसलं होतं. मी रुसलो नाही, पण घर फार गप्प झालं आहे.

एक काम आहे. आईची प्रार्थनेची पोथी मीच तुला दिली, पण तिच्यात माझी दहा डॉलरची नोट राहून गेली. घडी मोडावी म्हणून पानांत दाबून ठेवली होती. लढाईतली, हवाईचं नाव छापलेली. शत्रू बेटांवर उतरलाच तर एका हुकमात रद्दी ठरवता यावी, म्हणून काढलेली. तेव्हा आपल्या जपानी आडनावांकडे लोक कसे बघायचे, तुला सांगायला नको. या नोटेच्या क्रमांकाशेवटी तारा आहे. छापताना बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली ती बदली नोट. अकरा वर्षं शोधत होतो, तेव्हा एका निवृत्त बँकवाल्याकडे मिळाली. अठरा मेला आमच्या नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून रजिस्टरनं पाठव.

प्रकृतीला जप. लोभ आहे हे मी तोंडानं म्हणत नाही, म्हणून लिहितो.

तुझा,
तोराओदादा

आईएआ, ९ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. पपया पिकायला लागल्या आहेत. दादा, आधी बस. चहा ओतून घे. मग पुढचं वाच.

मी परतले त्याच रविवारी शेजारच्या कान्जी नागातांचा अंत्यविधी होता. घरच्यांना द्यायच्या शोकाच्या पाकिटात घालायला दहाची नोट हवी, माझ्याजवळ एकेक डॉलरच्या तीन. बँक बंद. प्रार्थना म्हणावी म्हणून आईची पोथी उघडली, तर आत कोरी करकरीत दहाची! मला वाटलं, आपला दादा न बोलता प्रवासाचं भाडं ठेवणारा माणूस, त्यानंच ठेवली. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं रे. चष्मा तुझ्याकडेच विसरलेला. तारा कुठला दिसतोय? पाकिटात घातली, चिकटवली, देऊन आले.

आता तूच सांग, नवरा गेलेल्या बाईच्या दारात जाऊन मी काय म्हणू? रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
हारुए

हिलो, १३ एप्रिल

चि. हारुएस आशीर्वाद.

चहा गार झाला. भाड्यासाठी ठेवली म्हणे! साठ वर्षांत मी तुला कधी भाडं दिलं आहे का?

नागाताबाईंना सांग की भाऊ म्हातारा आहे, छंदिष्ट आहे. सोबत वीसची नोट पाठवतो आहे, ती दे आणि माझी दहाची परत घे. तुझ्यानं होत नसेल तर पेरूचा मुरांबा घेऊन जा, म्हणजे बोलायला सुरुवात होईल. त्यांनी बाजारात मोडली तर संपलं.

पत्र परत वाचलं. कडक झालं आहे. नवीन लिहीत बसत नाही, तू सवयीनं समजून घे.

तोराओदादा

आईएआ, २८ एप्रिल

श्री. तोराओ शिगेमुरा यांस कृ. सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी मित्सुयो नागाता, हारुएताईंची शेजारीण.

हारुएताई या पंधरवड्यात तीनदा आल्या. मुरांबा आणला, मुळ्याचं लोणचं आणलं, आणि प्रत्येक वेळी यांच्या फोटोपुढच्या नोटेकडे बघत बसल्या. तिसऱ्यांदा मी विचारलं की माझं काही चुकलं का, तर त्या रडायलाच लागल्या. मग सगळं कळलं.

फोटोपुढे ती का ठेवली, ते सांगते. बेचाळीस साली, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून, सरकारनं जुन्या नोटा गोळा करून जाळल्या, त्यातल्या पुष्कळ इथल्या साखर कारखान्याच्या भट्टीत. हे भट्टीवर होते. पोती रिकामी करायची आणि घरी निघताना खिसे उलटून दाखवायचे. घरात मात्र तांदूळ मोजून शिजायचा. नंतर हवाईच्या नोटांत पगार झाला, तेव्हा पहिली दहाची यांना आठवण म्हणून जपायची होती. त्याच आठवड्यात आमची थोरली झाली. मी ती सुईणीला देऊन टाकली. ‘पोतीच्या पोती जाळताना मला काही वाटलं नाही, पण त्या एका नोटेसाठी रडू आलं,’ असं म्हणून हे मला बत्तीस वर्षं चिडवायचे.

पाकीट उघडलं तेव्हा मला वाटलं, हारुएताईंना हे ठाऊक असणार. तो माझा गैरसमज. नोट सोबत आहे, आणि तुमची वीसचीही. महिनाभर यांच्यापुढे राहिली, एवढं खूप झालं.

कळावे.
मित्सुयो नागाता

हिलो, ६ मे

चि. हारुएस अनेक आशीर्वाद.

नागाताबाईंनी नोट परत केली. एक डागही नाही. मी घड्याळजी माणूस, डोळ्याला भिंग लावून तास न् तास बसलो. छपाई कुठली, शिक्क्याचा रंग किती फिका, हे नेहमीचं बघून झालं. मग त्यांचं पत्र पुन्हा वाचलं आणि भिंग काढलं.

त्या वर्षी बाबांनी घरातल्या जुन्या नोटा बँकेत नेऊन दिल्या, तेव्हा मी सोबत होतो. शिपायानं बाबांचे खिसे चाचपले. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

कान्जींच्या विधीला मी आलो नव्हतो. म्हणून काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं शोकाचं पाकीट आणलं, वर माझं नाव घातलं आणि नोट रजिस्टरनं त्यांना पाठवली. या वेळी चुकून नाही. प्रदर्शनात ताऱ्याची जागा रिकामी राहील. लोक विचारतील. विचारू देत.

त्यांच्याकडे जात राहा. मुरांब्याशिवायसुद्धा.

तोराओदादा

आईएआ, २५ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

तू भाडं देत नाहीस, ते बरंच आहे.

मित्सुयोताईंनी तुला रीतीप्रमाणे आभाराचं कार्ड आणि टपालतिकिटांचं पुस्तक पाठवलं आहे. ती तिकिटं पत्रांना लाव, नाहीतर तीही जमवायला लागशील.

तुझं पाकीट त्यांनी माझ्यासमोरच उघडलं. मग नोट फोटोपुढे ठेवली आणि कान्जींना चांगलं दटावलं की दोनदा आली आहे, आता नीट धरून ठेवा, मी हात लावणार नाही. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या. मी त्यांच्याकडेच जेवून आले.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
हारुए