बाबांच्या गळ्यातली साखळी

ऑल्डरविक, ऑगस्ट १४७०

चि. सौ. सिसलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बाबांच्या थडग्यावरचा पुतळा होत आलाय. हॅमंड पाथरवटाने नाक हुबेहूब काढलंय, म्हणजे वाकडंच. अडलंय ते गळ्यापाशी. साखळी कोणती कोरू, असं तो विचारतो. लँकेस्टरच्या राजाने यांना आपल्या पक्षाची खूण म्हणून एस अक्षरांची साखळी दिली होती. यॉर्कवाल्यांनी गादी घेऊन त्या राजाला लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात कोंडलं, तेव्हापासून ती पेटीत पडून आहे. मी यॉर्कचे सूर्य-गुलाब कोरायला सांगितलेत. तुझा नवरा यॉर्कचा माणूस आहे, आणि मला उरलेली वर्षं शांतपणे काढायची आहेत.

तुझा भाऊ ऐकेल तर आकाशपाताळ एक करील. पण बाप अंथरुणाला खिळलेला असताना रेनॉल्ड फ्रान्सला लँकेस्टरवाल्यांच्या मागे पळाला, एकदाही उशाशी बसला नाही. त्याला मी कशाला विचारू?

खोकल्याला मध घेत जा. जावईबापूंना आशीर्वाद. आईची आठवण असू दे.

आई

लंडन, सेंट ल्यूकचा सण, ऑक्टोबर १४७०

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचतं न पोचतं तोच राजा बदलला. यॉर्कचा राजा समुद्रापार पळाला. म्हाताऱ्या लँकेस्टरला टॉवरमधून काढून, झगा झटकून पुन्हा गादीवर बसवलंय. आमच्या यांनी आपली सूर्य-गुलाबांची साखळी पिठाच्या पिंपात लपवली, ती स्वयंपाकिणीला चाळणीत सापडली. रेनॉल्ड परवा ऐटीत आला. माझ्याच घरचं भाजलेलं बदक खाता खाता यांना म्हणाला, घाबरू नका भाओजी, मी आहे ना. यांचा घास घशातच अडकला.

तो नाताळला तुझ्याकडे येणार आहे. साखळी बदलून घे, नाहीतर चर्चमध्ये तमाशा होईल. बाबा कोणाचे होते ते त्यांनाच ठाऊक, पण तमाशा त्यांना कधीच आवडला नाही.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझी सिसली

ऑल्डरविक, जानेवारी १४७१

चि. सौ. सिसलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बदलली. हॅमंडने सूर्य-गुलाब तासले आणि त्याखाली एस कोरले. तासलं की दगड कमी होतोच. हयातीत यांची मान बैलासारखी होती, आता कोंबडीसारखी दिसते. आणखी एकदा राजा बदलला तर मान राहायची नाही, असं हॅमंड हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

रेनॉल्ड येऊन गेला. साखळी बघून खूश झाला, बापाच्या चेहऱ्याकडे मात्र त्याने पाहिलंही नाही. जाताना पेटीतली खरी साखळी घेऊन गेला. मला फार वाईट वाटलं. यंदा बर्फामुळे मेंढ्या दगावल्यात, बाकी ठीक.

जपून राहा. लोभ कमी करू नकोस.

आई

लंडन, मे १४७१

ती. आईस सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. यॉर्कचा राजा परत आला आणि लढाई जिंकला. रेनॉल्ड बाबांची साखळी घालून लढत होता. तिच्यावरूनच तो ओळखू आला आणि पकडला गेला. तिकडे बाजारचौकात मुंडकी उडताहेत. नशीब एवढंच की तो आमच्या यांच्या लॉर्डच्या ताब्यात आहे. हे त्यांच्यापुढे गुडघे टेकून आले. घराणं निष्ठावान निघालं तर पोराला माफी मिळवून देईन, असं लॉर्ड म्हणाले. ते बघायला त्यांचा कारभारी तुझ्याकडे निघालाय. तो चर्चमध्ये जाणार आणि थडगं बघणार. बाबांच्या गळ्यात एस दिसले तर सगळं संपलं.

आई, हॅमंडला आजच्या आज बोलाव. रेनॉल्ड गाढव आहे, पण मला तो हवा आहे.

आशीर्वाद असू दे.

तुझी सिसली

ऑल्डरविक, जून १४७१

चि. सौ. सिसलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मान टिकणार नाही, असं हॅमंडने बजावलं होतं. तरी मी त्याला छिन्नी चालवायला लावली. शेवटचा एस निघाला आणि यांचं डोकं फरशीवर गडगडत गेलं. तेवढ्यात कारभारी दारात हजर. हा काय प्रकार, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, जुनी साखळी उतरवायची होती, डोकं गेलं तरी उतरवली. तुमच्या लॉर्डना सांगा, या घराने एक डोकं दिलंय, आता दुसरं मागू नका. माणूस रुक्ष होता. त्याने बराच वेळ त्या मानेकडे पाहिलं, टोपी काढली आणि पाहिलं तसं सांगतो म्हणाला.

माफीचा कागद घेऊन रेनॉल्ड काल घरी आला. हॅमंड चर्चमध्ये लोखंडी खिळा आणि चुना घालून डोकं बसवत होता. चुना धरेपर्यंत कोणीतरी ते धरून ठेवायला हवं होतं. रेनॉल्डने गड्यांना बाजूला सारलं, बापाच्या उशाशी बसला आणि दोन्ही हातांनी ते डोकं धरून ठेवलं. उन्हं उतरली तरी उठेना. रडत होता. मीही रडले.

निघताना हॅमंडने विचारलं, आता कोणती साखळी कोरू. रेनॉल्डच म्हणाला, गळा मोकळा राहू दे.

जावईबापूंची साखळी एव्हाना बाहेर आली असेलच. नीट पीठ झटकून घाला म्हणावं. पण ते पिंप मोडीत काढू नकोस.

येत जा गं आता.

आई