लेनासाठी उतरवलेले चिकू

३ जानेवारी
विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची ऑनलाइन बैठक. यापुढे वहीत आं. का. यंदाही परदेशी विद्यार्थ्यांचा गट येणार. आमच्या डहाणूच्या कॉलेजकडे तीन आठवडे. घोलवडच्या घरांत राहायचं, बागांतली कामं शिकायची; श्रेयांक त्यांचं विद्यापीठ देणार.
गटप्रमुख लेना. दोन वर्षांनी परत येणार.
बैठक संपली. नंतर रिकाम्या वर्गात बसून राहिले.

५ जानेवारी
घोलवडला पुष्पाकाकींकडे. मागच्या वेळी लेना त्यांच्याच घरी होती. काकी तिला लीना म्हणतात.
"कधी येते आमची लीना?"
"बावीसला."
"मग सोळाला उतरवते चिकू. थंडीत पिकायला वेळ घेतात. मागे न विचारता कच्चा खाल्ला. ओठ चिकटले, तरी हसायला बघते येडी!"
ओसरीवरची ती खुर्ची अजून तिथेच. संध्याकाळी लेना तिच्यात बसून मला शब्द विचारायची. ओलसर आणि दमट यांत फरक काय? तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. माझ्या मराठीच्या वर्गात असं कोणी विचारत नाही. आता उत्तर तयार आहे.

९ जानेवारी
आं. का.कडून तक्ता. त्यांच्या विद्यापीठाच्या विमा कंपनीला घरांची माहिती हवी. खोल्या, पंखे, दवाखाना किती लांब, पाळीव प्राणी. काकींचा कुत्रा: आहे. भुंकतो. चावत नाही.

१६ जानेवारी
सकाळी काकींचा फोटो आला. चिकू धुऊन, पुसून, गोणपाटाखाली.
दुपारी आं. का.चा फोन. गटाचं येणं फेब्रुवारीवर. तिथले देशमुख, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे: "मॅडम, कॅन्सल नाही, फक्त रिशेड्यूल."
काकींना फोन केला नाही.

१८ जानेवारी
केला. काकी म्हणाल्या,
"झाडाला परत लावता येत नाहीत, बाय."

२३ जानेवारी
काकींनी चिकूंची पेटी कॉलेजवर पाठवली. स्टाफरूममध्ये झुंबड. तलासरीहून येणाऱ्या मुलींनी ओढणीत भरून नेले. प्राचार्य दुसरा सोलत म्हणाले, "दर महिन्याला तारीख बदला म्हणावं."
सगळे हसले. मीही. खाल्ला नाही.

४ फेब्रुवारी
बैठक. नवी योजना. गट मुंबईत, विद्यापीठाच्या वसतिगृहात. सगळे एकाच छताखाली असले तरच विमा मिळतो. घोलवडला एक दिवसाची भेट. दुपारी एक ते चार.
मी: घरात राहणं हाच अभ्यासक्रम होता.
देशमुख: "रिपोर्टमध्ये लिहू ना तसं, मॅडम."
पडद्यावर लेना. केस कापलेत. तिच्या विद्यापीठाचे दोन प्राध्यापक बोलत होते, तिला कोणी विचारलं नाही. मग खाली चॅटमध्ये, देवनागरीत: काकी कशा आहेत?
लिहिलं, बऱ्या आहेत. पुढे पुष्कळ होतं. पण ते सगळ्यांना दिसलं असतं.

७ फेब्रुवारी
ओलसर, दमट. वर्गात मीच फरक सांगायला गेले. मागच्या बाकावरून: "मॅडम, परीक्षेला आहे का?"

९ फेब्रुवारी
सकाळी काकींकडे. सगळं सांगितलं.
"तीन तासांत काय करायचं तिनं? हात धुवायचे?"
"जेवण होईल. बाग बघतील."
"बाग तिनं बघितलेय." काकी उठल्या, कुत्र्याला भाकरी घातली. "या खेपेला चिकू आधी उतरवणार नाही."
रागावल्या असं वाटलं.
"गाडी दारात लागली की उतरवते. तिच्याच हातानं."
"अहो काकी, मग पिकायला आठवडा जाईल."
"जाऊ दे की."
झाडाखाली उभ्या राहून वर बघत होत्या. जाळीची काठी भिंतीला टेकलेली.
कॉलेजला पोचून आधी आं. का.चा भेटीच्या वेळांचा तक्ता उघडला. घोलवडहून निघण्याची वेळ, चार. बदलायला गेले. फाइल फक्त वाचण्यापुरती.
लेनाला मेल. आं. का.ला प्रत न पाठवता, पहिल्यांदाच. एकच ओळ: घोलवडला येताना आठवड्याचे कपडे घेऊन ये.
कारण लिहिलं नाही.
तिकडे अजून उजाडलं नसेल.