मामाला म्हटलेलं गाणं

मेसईद, कतार
५ डिसेंबर २००७

प्रिय लिझीताई,

तुला, भाओजींना आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे. आईचा गुडघा आता कसा आहे? तेल लावून घेते का, की अजून बाटलीच्या वासाला नावं ठेवते? पलीकडच्या आळीतला एक जण नाताळला गावी येतोय, त्याच्या हाती हे पत्र पाठवतोय. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुझी मेलिसा ठणठणीत आहे. हॉस्पिटलात सिस्टर म्हणून तिचं चांगलं नाव आहे. जेवते व्यवस्थित, दर आठवड्याची प्रार्थनेची मिसा चुकवत नाही. फक्त तिची जीभ जरा आवरायला हवी. गेल्या शुक्रवारी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला, त्याबद्दल गावात कुणी काही बोललं तर लगेच विश्वास ठेवू नकोस. लोकांना तिखटमीठ लावायची सवय असते.

तुला ठाऊकच आहे, अठ्ठ्याण्णव साली मी आणि खलीलने इथे रॅपचा ग्रुप काढला. तू त्याला ‘तालावर भांडणं’ म्हणायचीस. असो. तेव्हा इथे कुणाला रॅप म्हणजे काय हे माहीत नव्हतं. कारखान्यातली ड्यूटी करून मी कॅसेटी घासूनघासून ऐकल्या आणि तो अमेरिकेतल्या काळ्या गायकांचा आवाज गळ्यात बसवला. आज जी पोरं माइक धरून उड्या मारतात ना, त्यांना हे सगळं आयतं मिळालंय.

आणि पोरं तरी कसली! ढगळ पँटी, उलट्या टोप्या, गळ्यात साखळ्या. गाणी म्हणे रस्त्यावरच्या हालअपेष्टांची. कुठला रस्ता? एसी गाडीतून शाळेत आणि एसी गाडीतून घरी. दोह्याच्या अल अझीझिया वस्तीतला एक दिवटा परवा गात होता की तो लहानपणी उपाशीपोटी झोपायचा. त्याची आई पहिल्या रांगेत त्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देतात, आणि तेही कुठल्या तरी सिनेमातलं.

आमच्याकडे निदान खलील होता. खलील सुदानी, जन्म दोह्यातला, विम्याच्या ऑफिसात कामाला. पण उंच आणि काळा, त्यामुळे तो स्टेजवर नुसता उभा राहिला तरी लोकांना वाटायचं, हा ग्रुप अस्सल. पोस्टरवर मी त्याच्या नावापुढे ‘न्यूयॉर्क’ छापायचो. पोरं त्याला विचारायची, तिकडे गोळीबार कसा असतो. तो बापडा म्हणायचा, “मी सुट्टीत सुदानात ओमदुरमानला मावशीकडे जातो. तिथे बकऱ्या असतात.” मी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगायचो, बाबा, बकऱ्यांचं काढू नकोस, आपलं सगळं वजन तुझ्यावर आहे. तो नुसता माझ्याकडे बघायचा.

मग वर्षापूर्वी तुझी लेक आली. शुक्रवारी आमच्यात येऊन बसायला लागली, गळ्यात हॉस्पिटलचा बिल्ला, अंगात सलवार-कमीज. आणि एक दिवस उठून मराठी-हिंदीत सुरू झाली, कॅन्टीनच्या डाळीवर, मॅट्रनच्या चपलांवर. मी म्हटलं, “मेलिसा, हे रॅप नव्हे. हे लग्नातल्या बायकांचं गाणं झालं.”

ती म्हणाली, “मग तुमचं काय आहे मामा? मी आल्यापासून बघतेय, माइक हातात आला की तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी नाकातून बोलता.”

सगळ्यांसमोर! आमच्या ग्रुपात नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. नव्याने जुन्याला आव्हान दिलं की दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, निवाडा खलीलचा, आणि जो हरेल त्याने ग्रुपची सूत्रं सोडायची. इतकी वर्षं कुणाची हिंमत झाली नव्हती.

शुक्रवारी हॉल भरला होता. प्लांटमधले कामगार, फिलिपिनो वेल्डर, मेलिसाच्या नर्सांची टोळी. आधी मी. माझं सगळ्यात जबरदस्त गाणं म्हटलं, पोलीस, अंधारी गल्ली, मेलेला मित्र. टाळ्या पडल्या. सभ्य टाळ्या.

मग ती. तिने ओढणी डोक्यावरून घेतली, कमरेवर हात ठेवला आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली, लग्नात नवरीकडच्या बायका राहतात तशी. मागे ढोलाचा ठेका लावलेला. तिने आपल्या बोलीतच म्हटलं, मी तुला साध्या मराठीत लिहितो:

आला गं नवरदेव, ऐट केवढी मोठी,
कोट शेजाऱ्याचा, बूट भावाचे, बोली कुणाची ही खोटी?

ताई, हे तू शिकवलंस तिला. तू आणि आईने. नाकारू नकोस, चाल मी लगेच ओळखली. पुढे तिने तेच हिंदीत फिरवलं, हॉलला कळावं म्हणून. वेल्डरसुद्धा बाकं बडवत होते. त्या गाण्याची रीत मला लहानपणापासून माहीत आहे. चिडवलं की गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि जो रागावला तो हरला.

मी रागावलो. माइकमध्ये म्हणालो, “हे चालणार नाही, इंग्लिशमध्ये म्हण.” नुसतं बोललो, गायलो नाही. आपल्याकडची माणसं तिथेच हसायला लागली.

खलील हसला नाही. तो उठला आणि इथल्या आखाती हिंदीत म्हणाला, “मार्विन भाई, इतने साल से तुम जिस काले आदमी की आवाज़ निकालते हो, वो मैं नहीं हूँ. मैं उसको जानता भी नहीं. यल्ला, चलो, माइक लड़की को दे दो. खलास.”

दिला. काय करणार?

आता ग्रुप तिच्याकडे आहे. पोस्टरवर खलीलच्या नावापुढे तिने ‘दोहा’ छापलंय आणि तो ते पोस्टर ऑफिसात दाखवत फिरतो. ग्रुपचा दर्जा पार रसातळाला गेलाय. डाळीवर गाणी! या पोरीला रॅपमधलं ओ की ठो कळत नाही, हे मी आजही म्हणेन. पण तू मोठी बहीण आहेस, तुझ्यापासून काय लपवू, मला वाईट वाटलं. फार वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

काल ती डबा घेऊन आली होती. म्हणाली, “मामा, ईस्टरनंतर पुन्हा कार्यक्रम आहे, या वेळी उत्तर घेऊन या. आईने मला नवरीकडच्या बायकांचंच शिकवलंय.”

तेव्हा जरा आपल्या आईला विचार, नवऱ्याकडच्या बायका त्यावर उलट काय म्हणायच्या. आठवेल तेवढं सगळं लिहून घे, आपल्या बोलीत, जसं ती म्हणते तसंच. कुणासाठी हवंय ते तिला सांगू नकोस. ही बोली मी इथे कधी मोठ्याने बोललो नाही ताई. माझा आवाज त्यात कसा लागतो, मलाच माहीत नाही.

लवकर पाठव.

तुझा धाकटा भाऊ, नवऱ्याकडचा,
मार्विन